ग्वाल्हेरात बंदुकीचा परवाना काढताय? आधी पोलीस पडताळणीची तयारी करा

लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत, चिटणीस की गोठपासून दौलतगंजापर्यंत, अजून कितीतरी कपाटांत बारा बोअरची दुनाळी आहे. संस्थानच्या काळापासून ती घरात आलेली असते, आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर झालेली असते, आणि वडील गेले की मुलांना प्रश्न पडतो की आता हिचं करायचं काय. मी आमच्या घरची बंदूक रीतसर माझ्या नावावर करून घेतली. तेव्हापासून ओळखीपाळखीतले लोक विचारायला येतात. फी किती, फॉर्म कुठला, हे ते नंतर विचारतात. आधी विचारतात ते पोलिसांच्या चौकशीबद्दल. जुनी केस निघाली तर? शेजाऱ्याने काही भलतंच सांगितलं तर? घरातल्यांनाही विचारतात का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही चौकशी व्हायलाच हवी आणि कसून व्हायला हवी. चंबळच्या या पट्ट्यात बंदूक खांद्यावर टाकून वरातीत मिरवणारे लोक आपण लहानपणापासून पाहिले आहेत, आणि त्या वरातींत सुटलेल्या गोळ्यांनी काय झालं तेही पाहिलं आहे. अडचण वेगळीच आहे. ज्या नोंदींवर चौकशी उभी असते त्या बऱ्याचदा जुन्या आणि अर्धवट असतात, आणि अर्जदाराला त्यांत काय लिहिलंय याचा पत्ताच नसतो. सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. म्हणून अर्ज करण्याआधी काय काय करायचं यावर मी जास्त लिहिलं आहे.

१. आपला अर्ज कोणत्या प्रकारचा, ते ठरवा

शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि सध्याचे नियम २०१६ चे. त्यांत तुमचा अर्ज कुठे बसतो यावर चौकशीचा रोख ठरतो.

नवा परवाना हवा असेल तर कशासाठी, हा प्रश्न येणारच. वीस इंच किंवा त्याहून लांब नळीची साधी बंदूक स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली तर कायद्याचं कलम १३ त्यातल्या त्यात सोपं आहे: तुम्ही अपात्र नसाल तर परवाना द्यावा, अशी त्याची भाषा आहे. रायफल, रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मागितलं की मात्र ‘सबळ कारण’ दाखवावं लागतं. ‘धंदा आहे, पैसे घेऊन जावं लागतं’ एवढं पुरत नाही. धमकी आली असेल तर तेव्हा दिलेली तक्रार, रोख नेण्याचं काम असेल तर त्याचे पुरावे, असं काहीतरी हातात हवं.

वारसाहक्काने येणाऱ्या बंदुकीसाठी २०१६ च्या नियमांत वेगळी तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर तर वारसाला अर्ज करता येतोच, पण हयातीतही करता येतो: परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने ते शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं की तो आपल्या वारसाचं नाव देऊ शकतो. वडील धडधाकट असतानाच हे करून घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो. वडिलांची सही असली की अर्धी कटकट मिटते. पण हयातीत असो की नंतर, वारसाची पोलीस पडताळणी चुकत नाही.

आणखी एक. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि वारशाचं शस्त्रही त्या दोनांत मोजलं जातं. तुमच्याकडे आधीच दोन असतील तर आजोबांची तिसरी मिळणार नाही. ती दुसऱ्या भावंडाच्या नावावर करण्याचा विचार करा.

२. परवानाधारक गेले असतील तर बंदूक आधी जमा करा

हे लोकांना पटत नाही. तेरावा होईपर्यंत, मग वर्षश्राद्धापर्यंत बंदूक कपाटातच राहते. पण परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. कायद्याचं कलम २१ सांगतं की बाळगणं कायदेशीर राहिलं नाही की शस्त्र विनाविलंब जवळच्या थान्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. तोवर ती घरात असणं म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणं, आणि त्याची शिक्षा आता दोन ते पाच वर्षांपर्यंतची आहे.

जमा करताना बंदुकीचा नंबर, बनवणाऱ्या कंपनीचं नाव, नळीची स्थिती, काडतुसांची संख्या हे सगळं पावतीवर लिहून घ्या. दर्शनी भागाचे आणि नंबरचे फोटो काढून ठेवा. दस्त्यावर चांदीचं काम असेल तर त्याचाही उल्लेख करायला लावा. पुढे अर्जाला ही पावती लागते, आणि विलंब न करता जमा केली हे पाहून चौकशी करणाऱ्याचं मतही चांगलं होतं.

३. स्वतःच्या नोंदी आधी स्वतः पाहा

बहुतेकांचं इथेच अडतं, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

कायद्याचं कलम ९ कोणाला शस्त्र देता येत नाही ते सांगतं. एकवीस वर्षांखालील व्यक्ती, मानसिकदृष्ट्या अस्वस्थ व्यक्ती, हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेली व्यक्ती (शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं), आणि शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून देण्याचा आदेश झालेली व्यक्ती, त्या बाँडच्या मुदतीपुरती.

या शेवटच्या ओळीकडे लक्ष द्या. आपल्याकडे गल्लीत भांडण झालं, होळीत बाचाबाची झाली, की पोलीस दोन्ही बाजूंवर १०७/११६, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली शांतता राखण्याच्या बाँडची कलमं, लावून मोकळे होतात. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि तीच कलमं १२६ आणि १३५ झाली, पण थान्यात अजूनही सगळे ‘एकसौसात’च म्हणतात. एसडीएमसमोर (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांसमोर) तारीख पडते, लोक बाँड भरतात आणि विसरून जातात. थान्याच्या रजिस्टरात मात्र नोंद राहते. वर्षानुवर्षांनी परवान्याचा अर्ज केला की अहवालात ‘अर्जदारावर प्रतिबंधात्मक कारवाई झालेली आहे’ असं वाक्य येतं आणि फाइल थांबते. खरं तर बाँडची मुदत संपली की कलम ९ ची ती आडकाठीही संपते, आणि नुसती नोटीस आली, बाँडचा आदेश झालाच नाही, तर ती आडकाठी मुळात लागूच होत नाही. पण हे तुम्हाला कागदासह सांगता आलं पाहिजे. एसडीएम कार्यालयातून त्या प्रकरणाच्या आदेशाची नक्कल काढून ठेवा.

फौजदारी केसचंही तसंच. निर्दोष सुटलात, तडजोड झाली, खात्मा लागला (म्हणजे पोलिसांनीच तपास बंद केला), तरी थान्यातली नोंद आपोआप पुढे सरकत नाही. गुन्हा दाखल झाला तेव्हाची ओळ राहते, निकालाची ओळ बऱ्याचदा लिहिलेलीच नसते. म्हणून तीन गोष्टी करा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ग्वाल्हेर जिल्हा न्यायालयात स्वतःचं नाव टाकून शोधा, हिंदी आणि रोमन दोन्ही लिपींत. मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून चारित्र्य पडताळणीचा अर्ज करा, त्यातून तुमच्या नावावर काय दिसतं ते आधीच कळतं. आणि पूर्वी मोरार, थाटीपूर किंवा दुसऱ्या जिल्ह्यात राहत असाल तर तिथल्या थान्याचाही विचार करा, कारण चौकशी जुन्या पत्त्यावरही जाऊ शकते.

केस चालू असेल तर? ती लपवू नका. नुसती केस प्रलंबित आहे एवढ्यावरून परवाना नाकारता किंवा रद्द करता येत नाही, असं उच्च न्यायालयांनी अनेक निकालांत म्हटलं आहे. माहिती दडवून परवाना मिळवला तर मात्र कलम १७ खाली तो रद्द होतो, आणि तेव्हा कोणतंही न्यायालय तुमच्या बाजूने फारसं बोलत नाही. अर्जात विचारलं असेल तिथे गुन्हा क्रमांक, कलम, सद्यस्थिती स्पष्ट लिहा. मारहाणीची किंवा घरगुती हिंसाचाराची केस असेल तर निकाल लागेपर्यंत अर्जच करू नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. कायदा काय म्हणतो तो भाग वेगळा. ज्या घरात एक माणूस दुसऱ्याला घाबरतो त्या घरात बंदूक जाऊ नये.

४. नावाचा घोळ मिटवा

मराठी माणसाला ग्वाल्हेरात हा त्रास जास्त होतो. काळे यांचं दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘काले’, पाटणकरांचं मतदार ओळखपत्रावर ‘पाटनकर’, आधारवर मधलं वडिलांचं नाव आहे तर पॅनवर नाही. इथल्या कार्यालयांत मधलं नाव लिहिण्याची पद्धत नाही, त्यामुळे तुम्ही नुसते ‘संजय काले’ होता आणि त्याच थान्याच्या हद्दीत दुसरा संजय काले असू शकतो.

माझ्या बाबतीत पहिल्या अहवालात शेजारच्या मोहल्ल्यातल्या नामसाधर्म्याच्या माणसाचं एक जुनं मारामारीचं प्रकरण माझ्या नावासमोर आलं होतं. वडिलांचं नाव आणि जन्मतारीख जुळत नव्हती, पण ते कोणी ताडून पाहिलं नव्हतं. मी थान्यात आणि शस्त्र शाखेत एकाच मजकुराचं पत्र दिलं: गुन्ह्यातल्या आरोपीच्या वडिलांचं नाव हे, माझ्या वडिलांचं हे, दोघांचं वय असं, पत्ता असा. सोबत जन्मदाखला आणि आधार. पोच घेतली. दुरुस्त अहवाल गेला. भांडायला गेलो असतो तर कदाचित वेळ लागला असता. कागदाने पटकन झालं.

तुम्ही आधीच ‘ही वेगवेगळी नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरी केलेलं शपथपत्र करून ठेवा आणि अर्जात वडिलांचं पूर्ण नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा.

५. कागदपत्रं

पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे पासपोर्ट आकाराचे फोटो, आधार, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, आणि मानसिक व शारीरिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, ज्यात व्यसनाधीन नसल्याचाही उल्लेख असतो. वारसांसाठी यात भर: मृत्यूचा दाखला, मूळ परवान्याचं पुस्तक, जमा पावती, आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत.

ना-हरकतीसाठी बहिणींना विसरू नका. लग्न होऊन पुण्याला किंवा इंदूरला गेलेली बहीणही कायदेशीर वारस आहे. तिची सही नसेल तर चौकशीत हमखास विचारतात.

वैद्यकीय प्रमाणपत्राकडे लोक औपचारिकता म्हणून पाहतात. तसं करू नका. तुम्ही किंवा घरातलं कोणी गेल्या काही महिन्यांत खचलेलं असेल, झोप उडाली असेल, जगण्यात राम नाही असं बोलत असेल, तर अर्ज बाजूला ठेवा. बंदूक थान्यात सुरक्षित असते, ती कुठे जात नाही. टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, तिथे आधी बोला. परवाना नंतरही काढता येतो.

६. अर्ज

अर्ज फॉर्म ए-१ वर असतो आणि केंद्राच्या शस्त्र परवाना पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. भरल्यावर छापील प्रत आणि मूळ कागद घेऊन कलेक्टोरेटच्या शस्त्र शाखेत जावं लागतं. तिथे एकच गोष्ट आवर्जून विचारा: सध्या स्थानिक अटी काय आहेत? २०१९ मध्ये तेव्हाच्या कलेक्टरांनी अर्जदारांना दहा झाडं लावून त्यांच्यासोबत फोटो द्यायला सांगितलं होतं, त्याच वर्षी हिवाळ्यात गोशाळेला दहा घोंगड्या देण्याचीही अट आली. अशा गोष्टी अधिकारी बदलला की बदलतात, म्हणून कोणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका, माझ्याही नाही.

दलालांपासून लांब राहा. ‘दुसऱ्या राज्यातून काढून देतो, चौकशी होत नाही’ असं कोणी म्हणालं तर तिथेच उठा. जम्मू-काश्मीरमधून २०१२ ते २०१६ या काळात दिलेल्या परवान्यांची सीबीआयने चौकशी केली.

निवडणुका जवळ असतील तर धीर धरा. आचारसंहिता लागली की थान्यांत परवान्याची शस्त्रं जमा करून घेण्याचं काम सुरू होतं आणि नव्या अर्जांच्या चौकश्या मागे पडतात.

७. चौकशीला घरी येतात तेव्हा

अर्ज शस्त्र शाखेतून एसपी कार्यालयामार्फत तुमच्या थान्यात येतो. टीआय, म्हणजे थान्याचे प्रमुख निरीक्षक, तो एखाद्या एएसआय (सहायक उपनिरीक्षक) किंवा हवालदाराकडे सोपवतात. नियमांनुसार थान्याने तीस दिवसांत अहवाल द्यायचा असतो.

आमच्याकडे आले ते साध्या कपड्यांत, मोटारसायकलवर, दुपारी. मला मोजकेच प्रश्न विचारले: काय करता, किती वर्षं इथे राहता, बंदूक चालवायला कधी शिकलात, कशाला हवी. मग ते आईकडे वळले. ‘माताजी, कपाटाची किल्ली कोणाकडे असते?’ आई म्हणाली, माझ्याकडे, देव्हाऱ्याच्या खणात. तेव्हा त्यांनी वहीतून मान वर केली आणि विचारलं, घरात लहान मुलं किती? आई म्हणाली, दोन नातवंडं. त्यांनी शांतपणे सांगितलं की किल्ली मुलांच्या हाताला लागेल अशा जागी नको, आणि काडतुसं त्याच कपाटात नकोत. मग कपाट उघडून पाहिलं, कडी-कोयंडा हलवून पाहिला. निघताना कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याजवळ थांबले आणि बराच वेळ बोलले.

यावरून काय तयारी करायची ते तुमच्या लक्षात येईल. घरात सगळ्यांना आधी सांगा की अर्ज केला आहे. पत्नीला किंवा आईला ही गोष्ट पोलिसांकडून कळणं बरं नाही, आणि त्यांचा विरोध असेल तर तो त्यांना उघडपणे बोलू द्या. भिंतीला किंवा फरशीला बोल्ट केलेलं लोखंडी कपाट आधीच करून घ्या. काडतुसांसाठी वेगळी कुलपाची पेटी हवी.

शेजाऱ्यांची भीती बाळगू नका. पार्किंगवरून किंवा नळाच्या पाण्यावरून वाद असेल तर चौकशी करणाऱ्याला स्वतःहून सांगा, ‘यांच्याशी अमुक बाबतीत वाद आहे.’ मग त्यांच्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते त्याला ठरवता येतं. चहापाणी जरूर द्या, पैसे देऊ नका. मागितलेच तर लोकायुक्तांकडे तक्रार करता येते. आणि घरी आलेल्या माणसाला मूळ कागद देऊ नका, प्रतीच द्या.

८. अहवाल अडकला किंवा नकार आला तर

मुदतीत अहवाल आला नाही तर कायद्यानुसार कलेक्टर त्याची वाट न पाहताही निर्णय घेऊ शकतात. ते सहसा तसं करत नाहीत, पण शस्त्र शाखेत लेखी अर्ज देऊन स्मरण करून देता येतं. अहवाल आल्यावर निर्णयाला साठ दिवसांची मुदत आहे.

नकार तोंडी ऐकून परत येऊ नका. कलम १४ प्रमाणे कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर ती द्यावी लागतात, लोकहिताचा अडसर नसेल तर. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने नाकारता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कारणं हातात आली की पाहा: ती तुमच्याच नोंदीवर आहेत का, की जुन्या अपूर्ण ओळीवर? दुसरं असेल तर ग्वाल्हेरच्या कमिश्नरांकडे कलम १८ खाली अपील करा, तीस दिवसांच्या आत, टप्पा ३ मधल्या नकला जोडून. पण कारण खरं असेल, म्हणजे बाँडची मुदत चालू असेल किंवा घरातला वाद खरोखरच पेटलेला असेल, तर अपिलात वेळ घालवू नका.

९. परवाना हातात आल्यावर

परवान्यावर यूआयएन (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आहे का, नाव-पत्ता-बोअर बरोबर आहे का, तिथेच काउंटरवर वाचा. खरेदीची मुदतही त्यावर असते. दुकानदार परवाना तपासून नोंद करूनच शस्त्र देतो. नोंदीशिवाय द्यायला तयार असेल तर त्या दुकानातून बाहेर पडा. ओळखीच्या माणसाकडून जुनी बंदूक घेणार असाल तर विकणाऱ्याने तुमचं नाव-पत्ता देऊन कलेक्टर किंवा थान्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान पंचेचाळीस दिवस थांबायचं. हे पंचेचाळीस दिवस कोणी गाळायला सांगितलं तरी गाळू नका, हीसुद्धा एक पडताळणीच आहे. शस्त्र घेतल्यावर त्याचा नंबर शस्त्र शाखेत परवान्यावर चढवून घ्या.

लग्नात हवेत गोळी झाडली तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरातीत कोणी आग्रह केला तर बंदूक मुळात घरीच ठेवलेली बरी.

परवाना पाच वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाच्या वेळी पोलिसांकडून पुन्हा चौकशी होते. म्हणून शपथपत्र, निकालांच्या नकला, बाँड संपल्याचा आदेश, दुरुस्त अहवालाच्या पत्राची पोच, हे सगळं एका फायलीत ठेवा आणि फाइल बंदुकीच्या कपाटात नको, दुसरीकडे ठेवा. घर बदललं तर नव्या पत्त्याची माहिती शस्त्र शाखेला आणि नव्या थान्याला लेखी द्या आणि त्याची पोचही त्याच फायलीत लावा.